कर्नल थ्रेडमधली गळती

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ‘पीएस’ ही आज्ञा सगळ्या प्रक्रिया दाखवण्याच्या पर्यायांसह दिली की चालू प्रक्रियांची यादी येते. तिच्यातली बरीच नावे चौकटी कंसात असतात. केस्वॅपडी, केसॉफ्टआयआरक्यूडी, मायग्रेशन, आणि केवर्कर तर डझनांनी. हे कर्नल थ्रेड. ते डिस्कवरच्या कुठल्या प्रोग्रामातून सुरू झालेले नसतात, त्यांना आज्ञेची ओळ नसते, म्हणून ‘पीएस’ त्यांचे नुसते नाव कंसात घालून दाखवते. या सगळ्यांचा पालक ‘केथ्रेडडी’. त्याचा प्रक्रिया क्रमांक २. मेमरी कमी पडू लागली की पाने मोकळी करणे, नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटांचे मागे राहिलेले काम उरकणे, डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहून टाकणे अशी कामे हे थ्रेड पडद्यामागे करत असतात.

साध्या प्रोग्रामात आणि कर्नल थ्रेडमध्ये एक फरक असा आहे की गळतीचा सगळा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. साधा प्रोग्राम लॉजमधल्या पाहुण्यासारखा असतो. त्याने खोलीत कितीही पसारा केला तरी तो निघून गेला की व्यवस्थापक चादरी, किल्ल्या, टॉवेल सगळे मोजून परत घेतो. प्रोग्राम संपला, मग तो नीट संपो वा कोसळो, कर्नल त्याची मेमरी काढून घेतो, उघड्या फाइली बंद करतो, नेटवर्कची जोडणी तोडतो. म्हणून दोन सेकंद चालणाऱ्या प्रोग्रामाने मेमरी परत केली नाही तरी सहसा कोणाचे बिघडत नाही. कर्नल थ्रेड मात्र पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. त्याला स्वतःचा मेमरीचा नकाशाच नसतो. तो जी मेमरी मागून घेतो ती कर्नलच्या सामाईक साठ्यातून येते आणि ती कोणी घेतली याची नोंद त्या थ्रेडच्या नावावर होत नाही. थ्रेड संपला तर त्याचा स्टॅक आणि त्याची ओळख सांगणारी संरचना एवढेच परत जाते. बाकी जे घेतले ते परत करायला मागून कोणी येत नाही.

या बाकीत बरेच काही मोडते. मेमरीचे तुकडे तर आहेतच. शिवाय एखाद्या फाइलीवर, नेटवर्क उपकरणावर किंवा मॉड्यूलवर धरून ठेवलेला हक्क, लावलेला टायमर, रांगेत टाकलेले काम, घेतलेले लॉक आणि खुद्द एखादा न संपणारा थ्रेड, ही सगळी संसाधनेच. एक्स८६-६४ यंत्रावर प्रत्येक थ्रेडला १६ किलोबाइटचा स्टॅक मिळतो. २०१४ पर्यंत तो ८ किलोबाइट होता. कर्नलची ही मेमरी स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, हलवता येत नाही. गळाली ती यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत गळालीच.

गळती दिसायला किती क्षुल्लक असते ते पाहावे. एखादा थ्रेड सेकंदाला शंभर वेळा जागा होतो आणि दर वेळी ६४ बाइटचा एक तुकडा परत करायला विसरतो, असे धरले तर दिवसाकाठी सुमारे ५५ कोटी बाइट, म्हणजे अर्ध्या गिगाबाइटहून जास्त मेमरी जाते. घरच्या लॅपटॉपवर हे कळणारही नाही, कारण तो आठवड्यातून दोनदा बंद होतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र एके दिवशी मेमरी संपते आणि कर्नलचा ओओएम किलर जागा होतो. मेमरी संपली की एखादी प्रक्रिया मारून जागा करणारी ही यंत्रणा. ती निवड करताना कर्नल थ्रेडना हात लावत नाही. मग बळी जातो तो सगळ्यात जास्त मेमरी वापरणाऱ्या, बहुधा अगदी निर्दोष अशा डेटाबेसचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. नोंदवहीतही डेटाबेसचेच नाव उमटते, आणि तपास करणारा पहिले दोन दिवस चुकीच्या दाराशी बसून राहतो.

थ्रेड संपवण्याची लिनक्सची पद्धत समजून घेतल्याशिवाय गळतीच्या जागा दिसत नाहीत. कर्नल थ्रेड संकेतांकडे, म्हणजे सिग्नलकडे, डीफॉल्टपणे दुर्लक्ष करतात. प्रशासकाने ‘किल’ आज्ञा ९ क्रमांकाने दिली तरी त्यांच्यावर ढिम्म परिणाम होत नाही. २००४ मध्ये रस्टी रसेल यांनी लिहिलेल्या केथ्रेड या यंत्रणेत थ्रेड थांबतो तो विनंतीने. ज्याला थ्रेड बंद करायचा आहे तो ‘केथ्रेड स्टॉप’ हे फंक्शन वापरतो. ते थ्रेडच्या नोंदीत ‘थांब’ अशी खूण करते, त्याला जागे करते आणि तो संपेपर्यंत वाट पाहत बसते. थ्रेडने आपल्या चक्राच्या प्रत्येक फेरीत ‘मी थांबायचे आहे का’ हे विचारले पाहिजे. हा प्रश्न विचारायला तो विसरला, किंवा ज्या घटनेची वाट पाहत झोपला आहे तिच्यासोबत ही अट तपासायला विसरला, तर तो पुन्हा झोपी जातो आणि थांबवणाराही कायमचा अडकतो. एका चुकीतून दोन थ्रेड अडकतात, आणि त्या दोघांनी धरलेले सगळे लॉक त्यांच्यासोबत. वाट पाहणाऱ्याची ही झोप न मोडता येणारी असते. १२० सेकंद उलटल्यावर ‘हंग टास्क’ शोधणारा आणखी एक कर्नल थ्रेड त्याबद्दल तक्रार नोंदवतो, इतकेच.

याहून खट्याळ प्रकार थ्रेडच्या जन्माच्या वेळचा आहे. समजा ड्रायव्हरने एक संरचना तयार केली, तिच्यात हवी ती माहिती भरली आणि ती नव्या थ्रेडच्या हाती दिली. काम संपल्यावर ती मोकळी करण्याचे काम थ्रेडच्या फंक्शनच्या शेवटी लिहिले. वाचायला हे अगदी रास्त वाटते. पण थ्रेड तयार झाला, आणि तो प्रत्यक्ष धावू लागण्याआधीच कोणी ‘केथ्रेड स्टॉप’ म्हटले, तर कर्नल त्या थ्रेडचे फंक्शन चालवतच नाही. ‘ईइंटर’ हा त्रुटीक्रमांक परत देऊन थेट थ्रेड संपवतो. फंक्शन चालले नाही, म्हणून त्याच्या शेवटी लिहिलेली सफाईही झाली नाही. चाचणीत हे कधी दिसत नाही, कारण चाचणी करणारा माणूस उपकरण लावतो, चहा घेतो आणि मग काढतो. ग्राहकाकडे मात्र सैल झालेली केबल एका सेकंदात तीनदा लागते आणि सुटते. दुरुस्ती सोपी आहे: जो थ्रेडला जन्म देतो आणि थांबवतो, त्यानेच ती संरचना थांबवून झाल्यावर मोकळी करावी. थ्रेडने फक्त वापरावी. सोपी आहे हे खरे, पण ती सुचण्यासाठी आधी ‘ही वस्तू नेमकी कोणाची’ हा प्रश्न पडावा लागतो, आणि गळतीच्या बहुतेक दुरुस्त्या अखेर याच प्रश्नापाशी येतात.

थ्रेड स्वतःहून संपणारा असेल तर प्रश्न उलट बाजूने येतो. त्याचे काम आटोपले, तो निघून गेला, त्याची संरचना मोकळी झाली. आणि नंतर ड्रायव्हरने जुन्या पत्त्यावर ‘केथ्रेड स्टॉप’ चालवले. त्या पत्त्यावर आता दुसरेच काही असू शकते. यावर इलाज म्हणून थ्रेड तयार करणाऱ्याने त्याच्या संरचनेवर आपला एक हक्क नोंदवायचा असतो, म्हणजे तिची संदर्भसंख्या एकाने वाढवायची. मग थ्रेड संपला तरी संरचना टिकते. हा हक्क नंतर सोडायचा राहिला की पुन्हा गळती. आगीतून निघून फुफाट्यात पडण्याचा हा प्रकार इतक्यांदा घडला की थांबवणे आणि हक्क सोडणे ही दोन्ही कामे एकत्र करणारे वेगळे फंक्शनच कर्नलमध्ये आले.

मॉड्यूलची गोष्टही जाता जाता सांगण्यासारखी आहे. मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलला जोडता-काढता येणारा कोडचा भाग. त्यातला थ्रेड चालू असेपर्यंत मॉड्यूल निघू नये म्हणून त्यावर हक्क नोंदवतात. पण थ्रेडने तो हक्क स्वतः सोडला, तर सोडल्यानंतरची पुढची ओळ कुठून चालणार? ती ज्या मॉड्यूलमध्ये आहे ते त्या क्षणी काढले गेलेले असू शकते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारण्यासारखेच हे. म्हणून हक्क सोडून लगेच संपण्याचे शेवटचे पाऊल मूळ कर्नलमधल्या फंक्शनवर सोपवलेले असते, कारण ते कोड कुठे जाणार नसते.

संदर्भसंख्या हा या साऱ्याचा कणा आहे. एकाच वस्तूचे अनेक वापरकर्ते असले की प्रत्येकाने घेताना आकडा एकाने वाढवायचा, सोडताना एकाने कमी करायचा, आणि शून्य झाला की वस्तू मोकळी करायची. एखाद्या वाटेवर कमी करायचे राहिले तर वस्तू कधीच मोकळी होत नाही. ही गळती पुष्कळदा निरुपद्रवी समजली जाते, पण तिचे धोकादायक रूप जानेवारी २०१६ मध्ये जगासमोर आले. ते थ्रेडमधले नव्हते, किल्ल्यांचे जुडगे सांभाळणाऱ्या कीरिंग या भागातले होते. पण धडा तोच. पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की एखाद्या प्रक्रियेने आपले चालू कीरिंग बदलून पुन्हा तेच कीरिंग मागितले, तर त्याची संदर्भसंख्या वाढते आणि कमी व्हायची राहते. आकडा ३२ बिटांचा. म्हणजे ४२९ कोटींहून थोड्या जास्त वेळा हेच करत राहिले की तो फिरून शून्यावर येतो. मग कर्नलला वाटते की कोणीच वापरत नाही, तो वस्तू मोकळी करतो, आणि हल्लेखोराच्या हाती मोकळ्या जागेचा जिवंत पत्ता राहतो. कोअर आय७ प्रोसेसरवर या खटाटोपाला अर्धा तास लागत असे. २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून ही चूक कर्नलमध्ये होती. दुरुस्ती झाली ती एका ओळीने, हक्क सोडण्याच्या.

२०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत, संदर्भसंख्येसाठी एक स्वतंत्र प्रकार आला. त्यातला आकडा मर्यादेपर्यंत पोचला की फिरून शून्यावर येत नाही, तिथेच थिजतो आणि नोंदवहीत तक्रार टाकतो. त्या तक्रारीचा मजकूर वाचण्यासारखा आहे: आकडा संपृक्त झाला, मेमरी गळू देत आहे. म्हणजे कर्नल इथे जाणूनबुजून गळती पत्करतो. यातला विचार पक्का आहे. परत न केलेली मेमरी यंत्राला हळूहळू जड करते. वेळेआधी परत केलेली मेमरी दुसऱ्याच्या माहितीवर लिहिते, यंत्र पाडते किंवा चोराला आत घेते. गळती बुजवण्याच्या घाईत भलत्या ठिकाणी ‘मोकळी करा’ अशी ओळ टाकणारी दुरुस्ती म्हणून मूळ चुकीपेक्षा घातक ठरते, आणि अशा दुरुस्त्या अनुभवी देखभालकर्ते परत पाठवतात तेव्हा ते हटवादीपणाने वागत नसतात.

गळती आहे हे कळते कसे? पहिली खूण ‘मेमइन्फो’ या नोंदीत मिळते. तिच्यात परत न घेता येणाऱ्या स्लॅब मेमरीचा आकडा असतो. तो दिवसेंदिवस एकाच दिशेने चढत असेल तर संशयाला जागा आहे. स्लॅब ही कल्पना सन कंपनीच्या जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये मांडली. एकाच मापाच्या वस्तूंसाठी मेमरीचे वेगळे कप्पे करून ठेवायचे, म्हणजे देणेघेणे झटपट होते. शोध घेणाऱ्याला याचा अनपेक्षित फायदा होतो, कारण ‘स्लॅबटॉप’ या आज्ञेने कोणता कप्पा फुगतो आहे हे थेट दिसते. विशिष्ट नावाचा कप्पा फुगत असेल तर अर्धे काम झाले. फुगणारा कप्पा नुसता ६४ बाइटचा सर्वसाधारण असेल तर मात्र शेकडो ठिकाणांवर संशय जातो.

तिथे केमेमलीक उपयोगी पडते. आर्म कंपनीतले कॅटालिन मारिनास यांनी लिहिलेले हे साधन २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत आले. ते वाटप झालेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवते आणि दर दहा मिनिटांनी कर्नलची मेमरी, थ्रेडचे स्टॅक धरून, चाळते. ज्या तुकड्याचा पत्ता कुठेच सापडत नाही तो अनाथ. ज्याचा पत्ताच कोणाकडे नाही त्याला परत करणार कोण? जावासारख्या भाषांमधला कचरा गोळा करणारा भाग याच रीतीने चालतो. फरक इतकाच की केमेमलीक कचरा उचलत नाही, फक्त बोट दाखवते. त्याच्या अहवालात तुकड्याचे माप, तो घेणाऱ्या थ्रेडचे नाव आणि त्या वेळची फंक्शनांची साखळी मिळते. नाव केवर्कर असे असेल तर त्याचा काही उपयोग नसतो, कारण केवर्कर सगळ्यांचीच कामे करतो. खरी माहिती साखळीत असते. गंमत म्हणजे ही चाळणीही एक कर्नल थ्रेडच करतो.

केमेमलीकच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. मेमरीत योगायोगाने पत्त्यासारखा दिसणारा आकडा पडलेला असला की खरी गळती झाकली जाते. थेट पानांच्या मापाने घेतलेल्या मेमरीवर त्याची नजर नसते. आणि संदर्भसंख्येची गळती त्याला बहुधा दिसतच नाही, कारण वस्तू कुठल्या ना कुठल्या यादीत अडकलेली असते. तिचा पत्ता सापडतो, पण तिला सोडणारा कोणी उरलेला नसतो. शिवाय या साधनाने यंत्र बरेच मंदावते, म्हणून ग्राहकाच्या सर्व्हरवर ते क्वचितच चालू असते. २०२४ मध्ये ६.१० आवृत्तीत आलेली वाटपाची मोजणी या बाबतीत सुखावह आहे. कर्नलच्या कोडमधल्या कोणत्या ओळीने किती मेमरी धरून ठेवली आहे याचा चालू हिशेब ती ठेवते, आणि तोही इतक्या कमी खर्चात की तो रोजच्या यंत्रावर परवडतो.

गळतीच्या जागा शोधू गेले तर त्या मुख्य वाटेवर कमी आणि आडवाटेवर जास्त सापडतात. थ्रेडने चार गोष्टी मागितल्या, तीन मिळाल्या, चौथी नाकारली गेली. मग मिळालेल्या तीन उलट्या क्रमाने परत करायला हव्यात. ही वाट वर्षातून एकदा चालली तर चालली, म्हणून ती तपासली जात नाही. कर्नलचे लेखक तिच्यासाठी ‘गोटू’ वापरतात: फंक्शनच्या शेवटी उतरत्या पायऱ्या रचायच्या आणि जिथे अडले तिथून योग्य पायरीवर उडी मारायची. डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये गोटूवर टीका केली तेव्हापासून ते वर्गात बदनाम आहे, तरी कर्नलच्या लेखनशैलीच्या नियमांत या वापराची अधिकृत शिफारस आहे, आणि सी भाषेत याहून स्वच्छ वाट बराच काळ नव्हती. या आडवाटा मुद्दाम चालवून पाहण्यासाठी मेमरीची मागणी कृत्रिमपणे नाकारण्याची सोय कर्नलमध्ये आहे. ती चालू ठेवून ड्रायव्हर हजार वेळा लावायचा-काढायचा आणि मग केमेमलीकचा अहवाल पाहायचा, ही तपासणी कंटाळवाणी खरी, पण गळती तिच्यातून सुटणे कठीण.

परत करण्याचे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडायचेच कशाला, या विचाराने तेजून हेओ यांनी २००७ मध्ये उपकरणाशी बांधलेली संसाधने आणली. उपकरण निघाले की त्याच्या नावावर घेतलेले सगळे आपोआप परत. हा झाला लॉजच्या व्यवस्थापकाचाच न्याय, कर्नलच्या आत आणलेला. त्याने असंख्य ड्रायव्हर आटोपशीर झाले. थ्रेडच्या बाबतीत मात्र क्रमाचे भान ठेवावे लागते: उपकरण निघाले, त्याच्या नावावरची मेमरी आपोआप गेली आणि ती वापरणारा थ्रेड अजून चालूच आहे, असे झाले तर गळती गेली पण तिच्या जागी अकाली मुक्ती आली. आधी टायमर आणि थ्रेड थांबवायचे, मगच मेमरी सोडायची. थ्रेड टायमर लावतो आणि टायमर थ्रेडला जागवतो अशी जोडी असेल, तर टायमर पुन्हा लावताच येणार नाही अशा रीतीने तो बंद करावा लागतो.

दुसरा उपाय थ्रेडच कमी करण्याचा. हेओ यांनीच २०१० मध्ये वर्कक्यू, म्हणजे कामाच्या रांगांची यंत्रणा, नव्याने रचली. त्याआधी साधारणपणे प्रत्येक रांगेसाठी प्रत्येक प्रोसेसरमागे एक थ्रेड असे. प्रोसेसरांची संख्या वाढत गेली तशी काही यंत्रे सुरू होता होताच ३२ हजार प्रक्रिया क्रमांकांची मर्यादा गाठू लागली होती. नव्या रचनेत केवर्कर थ्रेडचा एक सामाईक ताफा सर्वांची कामे करतो. ड्रायव्हरला स्वतःचा थ्रेड जन्माला घालणे, थांबवणे, त्यावरचे हक्क सांभाळणे यांतले काही करावे लागत नाही. रांगेतले आपले काम रद्द करून ते खरोखर थांबेपर्यंत वाट पाहिली की झाले. नवा थ्रेड मागणाऱ्या ड्रायव्हरला ‘वर्कक्यू का चालत नाही’ असे विचारणे म्हणूनच रास्त ठरते.

२०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत पीटर झील्स्ट्रा यांनी सी भाषेच्या कंपायलरांची एक जुनी सवलत कामाला लावली. चल घोषित करतानाच त्याची सफाई कोणते फंक्शन करील हे लिहून ठेवायचे. फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडले तरी कंपायलर ती सफाई घडवतो. लॉकही तसेच सुटते. यामुळे गोटूच्या पायऱ्या हळूहळू ओसरत आहेत. वस्तू यशस्वीपणे दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल तेव्हा मात्र ‘आता ही माझी नाही’ असे स्पष्ट लिहावे लागते, नाहीतर नुकतीच थ्रेडला दिलेली संरचना देणाराच मोकळी करून बसतो.

डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला प्रवेश मिळाला. तिच्यात प्रत्येक वस्तूचा मालक एकच असतो आणि मालक संपला की वस्तू आपोआप परत जाते. सामाईक वस्तूंसाठी संदर्भसंख्येचा प्रकार आहे आणि ती संख्या कमी करायला विसरण्याची मुभा सहसा राहत नाही. अकाली मुक्ती कंपायलरच अडवतो. गळतीला मात्र रस्ट ‘असुरक्षित’ म्हणत नाही. दोन वस्तूंनी एकमेकींवर हक्क धरला की दोघी कायमच्या राहतात, आणि वस्तू मुद्दाम विसरून जाण्याचे फंक्शन त्या भाषेत उघडपणे उपलब्ध आहे. २०१५ मध्ये रस्टची पहिली स्थिर आवृत्ती निघण्याच्या तोंडावर हे एका थ्रेडच्याच सोयीवर शेकले होते. मर्यादित आयुष्याचा थ्रेड सुरू केल्यावर मिळणारी एक राखण-वस्तू नष्ट होताना थ्रेड संपण्याची वाट पाहत असे. ती वस्तूच गळू दिली तर वाट पाहणे होत नसे, आणि थ्रेड दुसऱ्याच्या मोकळ्या झालेल्या मेमरीत वावरत राही. ती सोय आवृत्तीतून काढून टाकावी लागली.